गार्डन लीव्ह, उचल आणि वतन : काम सोडण्याच्या हक्काचा विसरलेला इतिहास

कर्मचारी राजीनामा देतो. कंपनी त्याला सांगते, उद्यापासून ऑफिसात येऊ नका, लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करा, नोटीस पिरियड संपेपर्यंत घरी बसा. पगार चालू राहील, पण तोवर दुसरीकडे रुजू होता येणार नाही. याला ‘गार्डन लीव्ह’ म्हणतात. बागकामाची रजा! ज्याला बंगला आहे, बंगल्यापुढे बाग आहे, त्याने झाडांना पाणी घालत बसावे, असा त्यामागचा इंग्रजी विनोद.

आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, हा सायबांचा प्रश्न आहे, चळवळीने यात का पडावे? ज्यांच्या वस्तीत नळाला पाणी नाही त्यांना बागेच्या रजेचे काय सांगता? आम्हाला हा आक्षेप मान्य नाही. कारण गार्डन लीव्ह हे एका जुन्या प्रश्नाचे नवे, इस्त्री केलेले रूप आहे. माणसाने काम सोडायचे ठरवले तर त्याला सोडता येते का? आणि मालकाने माणसाला काढायचे ठरवले तर त्याला किती दिवस आधी सांगावे लागते? या दोन प्रश्नांची उत्तरे या देशात जातीनुसार आणि वर्गानुसार वेगवेगळी दिली गेली. आपल्या आजोबा-पणजोबांना ‘नोटीस’ देण्याचा अधिकारच नव्हता. म्हणून हा इतिहास आपल्याला माहीत असलाच पाहिजे.

राजीनामा नसलेली नोकरी

सुरुवात वतनापासून करू. महार वतन ही नोकरी होती, पण तिला राजीनामा नव्हता. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ब्रिटिश सरकारने ही गावची चाकरी कायद्याच्या चौकटीत बसवली. टपाल पोचवणे, सरकारी अंमलदाराबरोबर धावणे, गावाच्या हद्दी दाखवणे, सारा भरायला रयतेला बोलावणे, मेलेली जनावरे ओढणे, अशी कामे. कामाचे तास ठरलेले नव्हते. मोबदला म्हणून तुकडाभर इनाम जमीन आणि रयतेच्या मर्जीवरचे बलुते. घरातला कर्ता माणूस आजारी असेल किंवा गावाबाहेर असेल तर घरातल्या दुसऱ्या कोणालाही हजर व्हावे लागे. म्हणजे करार एका माणसाशी नव्हता, सगळ्या घराशी होता, आणि तोही जन्माच्या आधीच झालेला!

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. चाकरीच्या बदल्यात नक्की पगार मिळावा आणि ज्याला या बांधिलकीतून मोकळे व्हायचे आहे त्याला मोकळे होता यावे, हे त्याचे सार होते. विरोध इतका झाला की १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ ग्रामवतने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. एक साधी गोष्ट, ‘मला हे काम करायचे नाही’ एवढे म्हणण्याचा हक्क, ती मिळायला तीस वर्षे गेली.

आज कोणी आम्हाला सांगते की नोटीस पिरियड हा दोन समान पक्षांमधला करार आहे, तेव्हा आम्हाला वतन आठवते. कागदावर ‘उभयपक्षी’ लिहिले म्हणून दोन्ही पक्ष समान होत नाहीत.

काम सोडले म्हणून तुरुंग

वतन गावात होते. शहरात आणि मळ्यात काय होते? तिथे १८५९ चा तेरावा कायदा होता, कामगाराच्या करारभंगाचा कायदा. कलकत्त्याच्या युरोपियन व्यापाऱ्यांच्या संघटनेने मागणी केली आणि सरकारने तो केला. एखाद्या कारागिराने किंवा मजुराने कामासाठी आगाऊ रक्कम, म्हणजे आपल्या भाषेत उचल घेतली आणि काम सोडले, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचे. मॅजिस्ट्रेट सांगणार, पैसे परत कर किंवा कामावर जा. ऐकले नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने मजुराची फसवणूक केली तर मात्र मालकाला या कायद्यात तुरुंग नव्हता. तिथे दिवाणी दावा लावायचा, ज्याला परवडेल त्याने!

आसामच्या चहाच्या बागांत हा कायदा मळेवाल्यांच्या हातातला चाबूक झाला. छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओडिशा, आंध्र या भागांतून आदिवासी आणि अस्पृश्य जातींतली माणसे तिथे नेली गेली. पळालेल्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार खुद्द मळेवाल्याला कायद्यानेच दिला होता. तो १९०८ पर्यंत टिकला. मे १९२१ मध्ये चारगोळा खोऱ्यातले हजारो मजूर बागा सोडून घराकडे चालू लागले. चांदपूरच्या स्टेशनवर गुरखा शिपायांनी त्यांना झोडपून काढले. त्यांचा गुन्हा काय? त्यांनी काम सोडले होते.

इंग्लंडमध्ये कामगाराने करार मोडणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही, तो १८७५ साली. भारतात १८५९ चा कायदा रद्द करणारा कायदा १९२५ साली झाला. पन्नास वर्षांचा फरक आहे. लंडनच्या कामगाराला १८७५ मध्ये जे मिळाले ते आसामच्या मजुराला मिळायला अर्धे शतक लागले, कारण इथे गोऱ्या मळेवाल्याची आणि इथल्या जातिव्यवस्थेची गरज एकच होती : स्वस्त आणि न पळणारा मजूर.

आणि १९२५ नंतरही सगळे सुटले का? नाही. संयुक्त प्रांताच्या १९१६ च्या नगरपालिका कायद्यात सफाई कामगारासाठी स्वतंत्र कलम होते. त्याने परवानगीशिवाय गैरहजर राहिले किंवा नोटीस न देता काम सोडले तर तुरुंगवास. नगरपालिकेचा कारकून नोटीस न देता निघून गेला तर फार तर पगार कापला जाई. झाडूवाला गेला तर गुन्हेगार! नगरपालिका एकच, करार एकाच प्रकारचा, मग शिक्षा वेगळी का? कारण ते काम दुसरी कोणतीही जात करणार नव्हती. म्हणून ते काम सोडण्याचे स्वातंत्र्य त्या जातीला देणे व्यवस्थेला परवडणारे नव्हते. नोटीस पिरियडच्या इतिहासात जात कुठे आहे, असे विचारणाऱ्यांनी हे कलम वाचावे.

अडवलेला पगार

मजुराला बांधून ठेवण्याची दुसरी युक्ती म्हणजे त्याचा पगार अडवून ठेवणे. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून जे निवेदन तयार केले, त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांच्याबरोबर एक मागणी अशी होती की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळालाच पाहिजे. रविवारची सुट्टी सर्वांना आठवते, ही मागणी कोणाला आठवत नाही. पण सत्यशोधक लोखंड्यांना नेमके कळले होते की मालकाच्या तिजोरीत कामगाराचा महिना-दीड महिन्याचा घाम अडकला असेल तर कामगार गिरणी सोडू शकत नाही. सोडली तर तो पगार बुडाला.

१९३६ चा वेतन अदायगी कायदा आला. त्याने मालकाने काढलेल्या कामगाराचा पगार दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत द्यावा, असे सांगितले. हे चांगले झाले. पण त्याच कायद्यात एक खुंटी ठेवली होती. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, कराराप्रमाणे नोटीस न देता आणि वाजवी कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर नोटिशीच्या बदल्यात आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येई. नोटिशीचा नियम असा संप मोडण्याचे हत्यार झाला.

१९३८ : बाबासाहेबांचा युक्तिवाद

हे सगळे ध्यानात घेतले म्हणजे १९३८ चे महत्त्व कळते. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. त्यांनी औद्योगिक विवाद विधेयक आणले. तडजोडीची लांबलचक प्रक्रिया पूर्ण होण्याआधी संप केला तर तो बेकायदेशीर आणि त्याला तुरुंगवास, असा त्याचा गाभा होता. सप्टेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी विधानसभेत त्याच्या चिंधड्या उडवल्या.

त्यांचा मुद्दा वकिली आणि साधा होता. संप म्हणजे काय? कामगाराने सेवेचा करार पाळायचे थांबवणे. करार मोडणे ही फार तर दिवाणी चूक आहे, तिला भरपाई असते. तिला गुन्हा ठरवायचे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावायचे, आणि इच्छेविरुद्ध काम करावे लागते त्याला गुलाम म्हणतात. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असे त्यांनी काँग्रेसवाल्यांना सुनावले. स्वराज्य मागणारे लोक कामगाराचे स्वातंत्र्य कसे नाकारतात, हा त्यांचा सवाल होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या युनियनांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही कायदा झाले.

पण त्या भाषणातले तत्त्व मेलेले नाही. ‘करार मोडल्याची भरपाई मागा, माणूस मागू नका’ हे ते तत्त्व. आजच्या नोटीस पिरियडच्या प्रत्येक वादात आम्ही हीच फूटपट्टी लावतो.

नोटीस हक्क कशी झाली

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, एप्रिल १९४६ मध्ये, औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) कायदा झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने नोकरीच्या अटी लेखी मांडाव्यात, त्या सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्याव्यात आणि कामगारांना कळतील अशा लावाव्यात, असे त्याने सांगितले. त्या अटींच्या यादीत एक बाब होती : नोकरी संपवणे आणि त्यासाठी मालकाने व कामगाराने द्यायची नोटीस. नमुना आदेशात मासिक पगारावरच्या कायम कामगारासाठी दोन्ही बाजूंना एक महिना. ही दिसायला छोटी गोष्ट. पण ज्या समाजाला हजार वर्षे अटी तोंडी सांगितल्या गेल्या, त्याच्यासाठी लेखी अट म्हणजे काय हे आम्ही वेगळे सांगायला नको.

पुढे १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायदा, १९४७ यात कलम २५-एफ आले. वर्षभर, म्हणजे हिशेबाने २४० दिवस, काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर महिन्याची लेखी नोटीस किंवा महिन्याचा पगार आणि प्रत्येक पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई. मुंबईच्या १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कलम ६६ होते : वर्षभर काम केलेल्या नोकराला ३० दिवसांची नोटीस, तीन महिन्यांहून जास्त पण वर्षाहून कमी काम केलेल्याला १४ दिवसांची. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने तर सांगितले की स्त्री प्रसूतीच्या रजेवर असताना तिला काढता येणार नाही आणि त्या काळात मुदत संपेल अशी नोटीसही देता येणार नाही. १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू बाबासाहेबांनी घेतली होती, हेही इथे नोंदवून ठेवतो.

म्हणजे नोटीस ही मूळची मालकाच्या हातातली दोरी. ती कामगाराच्या हातात देण्याचे काम १९४६ नंतरच्या कायद्यांनी केले.

साहेबांची बाग

आता गार्डन लीव्हकडे या. हा शब्द ब्रिटनच्या सरकारी नोकरशाहीतून आला आणि १९८० च्या दशकात ‘येस, प्राइम मिनिस्टर’ या टीव्ही मालिकेमुळे लोकांच्या तोंडी बसला. त्याच काळात तो तिथल्या कोर्टात पोचला. ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’ वृत्तपत्राच्या प्रॉडक्शन मॅनेजरला वर्षभराची नोटीस देणे बंधनकारक होते. त्याने दोन महिन्यांची दिली आणि प्रतिस्पर्धी वृत्तपत्राकडे निघाला. कोर्टाने त्याला अडवले, पण एका अटीवर : मालकाने त्याला नोटीस संपेपर्यंत पूर्ण पगार आणि सवलती दिल्या पाहिजेत, मग काम देवो वा न देवो.

पगार मिळतो तर काम कशाला हवे, असा मालकांचा नेहमीचा प्रश्न. १९४० च्या ‘संडे रेफरी’ खटल्यात न्यायाधीशांनी याला एक घरगुती उदाहरण दिले होते. मी स्वयंपाकिणीचा पगार नियमित देतो, मग मी जेवायला बाहेर गेलो तर तिने तक्रार का करावी? पण १९९८ च्या विल्यम हिल खटल्यात तिथल्या अपील कोर्टाने वेगळी बाजू धरली. ज्याचे कौशल्य काम केल्यानेच टिकते, त्याला काम करण्यात हितसंबंध असतो. करारात तशी स्पष्ट अट नसेल तर मालक त्याला घरी बसवून ठेवू शकत नाही. आम्हाला हा विचार पटतो. माणूस पगारासाठी काम करतो हे खरे, पण केवळ पगारासाठी करत नाही. हाताला काम असणे ही प्रतिष्ठा आहे.

भारतात गार्डन लीव्हचा वेगळा कायदा नाही. आहे ते १८७२ च्या करार कायद्याचे कलम २७ : कोणाला धंदा, व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. यावर १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गोलिकारी खटला गाजला. कल्याणच्या सेंच्युरी मिलच्या टायर कॉर्ड प्लांटमधला शिफ्ट सुपरवायझर, पाच वर्षांचा करार, तो मध्येच सोडून राजस्थानातल्या कंपनीत गेला. न्यायालयाने म्हटले, कराराची मुदत चालू असेपर्यंत दुसऱ्याकडे तेच काम न करण्याची अट चालते. मात्र १९८० च्या सुपरिंटेंडन्स कंपनीच्या खटल्याचा आणि त्यानंतरच्या निकालांचा रोख स्पष्ट आहे : नोकरी संपल्यावर अशी बंदी चालत नाही. आणि २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर व्हीएफएस ग्लोबलच्या खटल्यात थेट गार्डन लीव्हची अटच आली. नोकरी संपल्यानंतर तीन महिने, पैसे देऊन का होईना, दुसरी नोकरी करू नका असे सांगणारी अट कलम २७ च्या विरोधात जाते, असे न्यायालयाने प्रथमदर्शनी मत दिले.

यातून सरळ अर्थ निघतो. नोटीस पिरियड चालू आहे तोवर तुम्ही कर्मचारीच आहात. पगार, भविष्यनिर्वाह निधी, सेवेच्या दिवसांची मोजणी, ग्रॅच्युइटीसाठी लागणारी वर्षे, सगळे चालू राहते. तोवर दुसरीकडे न जाण्याचे बंधनही राहू शकते. पण नोटीस संपली की बंधन संपले. त्यापुढे तुमचे कौशल्य तुमचे आहे, कंपनीचे नाही.

तीन माणसे, तीन घरी बसणे

आता आमचा मुख्य मुद्दा. ‘घरी बसा’ हे वाक्य या देशात तीन प्रकारे म्हटले जाते.

मॅनेजरला घरी बसवले तर पूर्ण पगार. त्याचे नाव गार्डन लीव्ह.

कायम कामगाराला चौकशीसाठी निलंबित करून घरी बसवले तर पहिले ९० दिवस निम्मा पगार, पुढे त्याच्या दोषाशिवाय चौकशी लांबली तर ७५ टक्के. त्याचे नाव निर्वाह भत्ता. हा हक्कसुद्धा स्थायी आदेशांच्या कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने आला. १९९९ च्या भारत गोल्ड माइन्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की हा भत्ता न देणे म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला.

कंत्राटी सफाई कामगाराला घरी बसवले तर त्याला नावच नाही. मुकादम सांगतो, उद्यापासून येऊ नको. नोटीस नाही, पगार नाही, कागद नाही. कपातीच्या नोटिशीचा नियम आहे ना? आहे, पण त्यासाठी आधी सिद्ध करावे लागते की तो कामगार होता, २४० दिवस होता आणि अमुक मालकाचा होता. ठेकेदार बदलतो, हजेरीपत्रक नाहीसे होते. मुंबई महापालिकेच्या सुमारे २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला, त्यामागे युनियनची अनेक वर्षांची लढाई होती. ज्यांना युनियन नाही त्यांचे काय?

आणि चौथा माणूस आहे, ज्याला घरी बसताच येत नाही. मराठवाड्यातला ऊसतोड कामगार. मुकादमाकडून उचल घेतली की कोयत्याची जोडी हंगामभर बांधली गेली. आजारी पडा, बाळंत व्हा, फड सोडता येत नाही, उचल फिटेपर्यंत सुटका नाही. १८५९ चा कायदा १९२५ साली पुस्तकातून गेला, फडातून गेला नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जाच्या बदल्यात माणूस बांधून ठेवणे गुन्हा ठरवले आहे. संविधानाचे कलम २३ वेठबिगारीला बंदी घालते. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ शारीरिक बळजबरीच नव्हे, भुकेची आणि गरिबीची बळजबरीसुद्धा बळजबरीच असते. ही न्यायाची भाषा आपल्याकडे आहे. ती वापरायची कोणी?

सही केली म्हणजे संमती?

मालकांचा शेवटचा युक्तिवाद असा की तुम्ही ऑफर लेटरवर सही केली, नव्वद दिवसांची नोटीस तुम्हाला मान्य होती. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. बेकार माणसापुढे एका हाताने नोकरी आणि दुसऱ्या हाताने हक्क ठेवले, तर तो काय निवडेल? तो नोकरीच निवडणार. त्याने हक्क सोडले म्हणून ते त्याने खुशीने सोडले असे म्हणता येत नाही.

१९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मान्य केले. एका सरकारी महामंडळाच्या नियमात तीन महिन्यांची नोटीस देऊन, कारण न सांगता, कायम कर्मचाऱ्याला काढण्याची सोय होती. न्यायालयाने म्हटले, दोन पक्षांची ताकद इतकी विषम असेल तेव्हा असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे. १९९० मध्ये दिल्ली परिवहनच्या खटल्यात घटनापीठाने हा निकाल कायम केला. पण २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. नोकरी सोडण्यावर बंदी नाही, फक्त भरपाई आहे आणि बँकेला पुन्हा भरती करावी लागते, असा त्यामागचा विचार. कायद्याच्या भाषेत तो १९३८ च्या ‘भरपाई मागा, माणूस मागू नका’ या तत्त्वाच्या आत बसतो, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. पण आमचा प्रश्न रकमेचा आहे. ज्याच्या घरात पहिल्यांदाच पगार आला, ज्याच्यावर शिक्षणाचे कर्ज आहे, त्याला दोन लाखांची भरपाई म्हणजे बंदीच. श्रीमंताच्या मुलाला ती निघण्याची फी आहे, गरिबाच्या मुलाला ती भिंत आहे. समान रक्कम म्हणजे समान न्याय नव्हे.

आमच्याकडे येणारी पहिल्या पिढीतली मुले-मुली एकच गोष्ट सांगतात. नवी कंपनी तीस दिवसांत बोलावते, जुनी नव्वद दिवस सोडत नाही. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवतात, रिलीव्हिंग लेटर देत नाहीत. ज्याच्या ओळखीपाळखी आहेत तो फोन करून सुटतो. ज्याचे कोणी नाही तो अडकतो. हा लोखंड्यांच्या काळातला अडवलेला पगारच आहे, फक्त पगाराच्या जागी कागद आला.

नव्या संहिता आणि आपले काम

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत एक गोष्ट चांगली आहे : कामावरून काढले असो की स्वतः राजीनामा दिला असो, शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. १९३६ च्या कायद्यात हे फक्त मालकाने काढलेल्यांसाठी होते. हे कलम तोंडपाठ करा आणि लेखी मागा.

पण बाकीचे काय? स्थायी आदेशांची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेली. म्हणजे १९४६ मध्ये जी लेखी अट मिळाली ती लहान कारखान्यातल्या कामगाराकडून काढून घेतली. कपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादाही तीनशे. मुदतीच्या नोकरीची मुदत संपली की ती कपात धरली जात नाही, त्यामुळे नोटीस नाही. ही वाट १९८४ मध्ये उघडली होती, आता तिचा हमरस्ता झाला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जुने कलम ६६ राहिलेच नाही. आणि संपासाठी मात्र १४ दिवसांची नोटीस प्रत्येक उद्योगात सक्तीची. १९२९ च्या कायद्यात ही सक्ती फक्त सार्वजनिक सेवांसाठी होती. हिशेब मांडा : मालकाने द्यायची नोटीस कमी होत चालली, कामगाराने द्यायची नोटीस वाढत चालली.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी असावी आणि कायद्याने तिला वरची मर्यादा घालावी. घरी बसवायचे तर पूर्ण पगार आणि लेखी आदेश, मग तो मॅनेजर असो की झाडूवाला. मूळ कागदपत्रे अडवणे गुन्हा ठरवावा. कंत्राटी कामगाराला काढताना नोटिशीची जबाबदारी मुख्य मालकावर टाकावी. उचलीच्या नावाने माणूस अडवणाऱ्यावर १९७६ च्या कायद्याने गुन्हे दाखल करावेत.

तोवर प्रत्येकाने एवढे तरी करावे. मूळ प्रमाणपत्र कोणाच्याही हाती देऊ नये, छायांकित प्रत द्यावी. राजीनामा ईमेलने द्यावा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवावी. तोंडी ‘येऊ नका’ म्हटले तर त्याच दिवशी लिहून विचारावे : पगार चालू आहे ना? हजेरी, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा जपून ठेवावा. सफाई कामगारांनी हजेरीपत्रकाचा रोज मोबाइलवर फोटो काढावा, तोच उद्याचा २४० दिवसांचा पुरावा आहे.

बाग ज्याच्या नशिबात आहे त्याने खुशाल बागेत बसावे, आमची तक्रार नाही. आमचे म्हणणे एवढेच की ज्यांनी वतन फेकले, ज्यांच्या आज्या-पणज्या चहाच्या बागांतून पायी चालत निघाल्या, त्यांच्या वारसांना काम सोडण्याचा आणि सन्मानाने थांबण्याचा तोच हक्क कागदावर आणि व्यवहारात मिळाला पाहिजे. तो मागून मिळत नाही, संघटित होऊन घ्यावा लागतो.

जय भीम!